पांढऱ्या पेशी वेगळ्या करताना : कोकणातल्या रक्तपेढीत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

रक्तपेढीत नव्याने लागलेल्या मुलामुलींना पहिल्या महिन्यातच पीसीव्ही (तांबड्या पेशी), एफएफपी (गोठवलेला ताजा प्लाझ्मा) आणि प्लेटलेट या तीन पिशव्यांची सवय होते. मागणीच्या फॉर्मवर ‘ग्रॅन्युलोसाइट’, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, क्वचितच लिहून येतं. येतं तेव्हा पलीकडे केमोथेरपी चालू असलेला, ताप उतरत नसलेला पेशंट असतो आणि काउंटरपाशी सैरभैर झालेले नातेवाईक. त्या वेळी पुस्तक उघडून शिकायला सवड नसते. म्हणून रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या रक्तपेढ्यांत नुकत्याच रुजू झालेल्या तंत्रज्ञांसाठी हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांना दाता म्हणून बोलावणं आलं आहे त्यांनीही वाचावं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तांबड्या पेशी फ्रिजमध्ये ३५ ते ४२ दिवस राहतात, प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो, प्लेटलेट ५ दिवस टिकतात. पांढऱ्या पेशींना जास्तीत जास्त २४ तास मिळतात, आणि त्या २४ तासांतही त्यांची जंतूंशी लढायची ताकद तासागणिक उतरत जाते. त्यामुळे सेंट्रिफ्यूज (रक्त गरगर फिरवून थर लावणारं मशीन) सुरू करण्याच्या कितीतरी आधी माणसं आणि वेळ जुळवावी लागते. कोकणातून मुंबईच्या पेशंटसाठी काही करायचं असेल तर पिशवी पाठवू नका, दाता पाठवा. ते कसं, ते पुढे येईलच.

कुणाला लागतात

पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल, म्हणजेच बहुतेक ग्रॅन्युलोसाइट, या जिवाणू आणि बुरशी यांच्याशी लढणाऱ्या पेशी. केमोथेरपीनंतर अस्थिमज्जा काही दिवस बंद पडल्यासारखी होते आणि एका मायक्रोलिटर रक्तातल्या न्यूट्रोफिलचा आकडा ५००च्या खाली जातो. बहुतेक पेशंट अँटिबायोटिकवर तरून जातात. ज्यांचा संसर्ग योग्य अँटिबायोटिक आणि बुरशीविरोधी औषधं देऊनही हटत नाही, पण मज्जा काही दिवसांत पुन्हा काम सुरू करेल अशी आशा आहे, त्यांच्यासाठी डॉक्टर ग्रॅन्युलोसाइटचा विचार करतात. दिलेल्या पेशी रक्तात काही तासच फिरतात, म्हणून एकदा देऊन भागत नाही. मज्जा जागी होईपर्यंत रोज किंवा दिवसाआड द्याव्या लागतात.

या उपचाराचा उपयोग किती, यावर डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिंग’ या अमेरिकी अभ्यासात पेशी मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत एकंदरीत स्पष्ट फरक दिसला नाही. मात्र ज्यांना प्रत्येक वेळी किलोमागे ६० कोटी किंवा त्याहून जास्त पेशी मिळाल्या, त्यांची स्थिती कमी पेशी मिळालेल्यांपेक्षा बरी राहिली. रक्तपेढीतल्या माणसासाठी यातला धडा सरळ आहे. द्यायच्या तर भरपूर द्यायच्या. कमी पेशींची पिशवी पाठवून नातेवाईकांना दिलासा मिळेल, पेशंटला फारसा फायदा होणार नाही.

आणखी एक सवय इथे मोडावी लागते. एरवी आपण पांढऱ्या पेशींना नको असलेला भाग समजतो. त्या पीसीव्हीत राहिल्या तर घेणाऱ्याला थंडी-ताप येतो, म्हणून आपण त्या काढून टाकतो, फिल्टर लावून गाळतो. फिरवलेल्या रक्तात प्लाझ्मा आणि तांबड्या पेशी यांच्यामध्ये दिसणारा पांढुरका थर, म्हणजे बफी कोट, बहुतेक ठिकाणी पिवळ्या पिशवीत जाणारा कचरा. तोच थर इथे जपायचा असतो.

पिशवीत काय घडतं

रक्त फिरवलं की घनतेप्रमाणे थर लागतात. प्लाझ्माची घनता साधारण १.०२५ ते १.०२९, प्लेटलेटची १.०४ ते १.०६, लिम्फोसाइटची (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) १.०५ ते १.०७, ग्रॅन्युलोसाइटची १.०७ ते १.०९ आणि तांबड्या पेशींची १.०८ ते १.०९च्या पुढे. शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा. या कामातली सगळी अडचण त्यांच्यात आहे. आपल्याला हव्या असलेल्या ग्रॅन्युलोसाइट आणि नको असलेल्या तांबड्या पेशी घनतेने जवळजवळ सारख्या. त्यामुळे ग्रॅन्युलोसाइट नुसत्या बफी कोटच्या पांढुरक्या थरात सापडत नाहीत, त्याखालच्या तांबड्या थरात वरच्या बाजूला मिसळलेल्या असतात. स्वच्छ, सुंदर दिसणारा बफी कोट काढलात तर त्यात लिम्फोसाइट आणि प्लेटलेट भरपूर येतील आणि न्यूट्रोफिल मागे राहतील.

यावरचा जुना उपाय म्हणजे हायड्रॉक्सिएथिल स्टार्च, आपल्या बोलीत एचईएस. हे रक्तात मिसळलं की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या होतात, लवकर खाली बसतात आणि ग्रॅन्युलोसाइट वर सुटतात. अफेरेसिसमध्ये, म्हणजे दात्याचं रक्त मशीनमधून फिरवून हव्या त्याच पेशी काढून घेण्याच्या पद्धतीत, ते वापरतात. साध्या पिशवीच्या पद्धतीत सहसा वापरत नाहीत, तिथे खालच्या तांबड्या थराचा थोडा भाग मुद्दाम सोबत घेऊन काम भागवतात.

आरपीएमवर विसंबू नका

नवीन माणूस हमखास विचारतो, ‘मॅडम, किती आरपीएमवर लावू?’ आरपीएम म्हणजे मिनिटाला होणारे फेरे. तो आकडा आपल्या मशीनच्या एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) असतो आणि तो दुसऱ्या मशीनला चालत नाही. पेशींवर पडणारा जोर म्हणजे आरसीएफ. तो ‘जी’मध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजतात, आणि तो त्रिज्येवरही अवलंबून असतो. सूत्र असं:

आरसीएफ = ०.००००१११८ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएम × आरपीएम

त्रिज्या म्हणजे रोटरच्या मध्यापासून बकेट आडवी झाल्यावर तिच्या तळापर्यंतचं अंतर. २५ सेंटिमीटर त्रिज्येचं मशीन ३००० आरपीएमवर साधारण २५०० जी देतं. २० सेंटिमीटरचं मशीन त्याच ३०००वर साधारण २००० जी देतं. आरपीएम दुप्पट केला तर जोर चौपट होतो, हेही सूत्रातच दिसतं. म्हणून ‘थोडा वाढवून बघू’ असं करू नका.

हलक्या फेऱ्यासाठी सुमारे २००० जीवर ३ मिनिटं आणि जड फेऱ्यासाठी ५००० जीवर ५ मिनिटं हे पुस्तकी आकडे आहेत. सुरुवात त्यांनी करायची, मग तयार पिशव्यांतल्या पेशी मोजून आपल्या मशीनचा आकडा ठरवायचा. दुरुस्ती झाली, मोटर बदलली, रोटर बदलला की पुन्हा मोजायचं.

रक्ताच्या पिशवीपासून बफी कोट

हे काम घटक वेगळे करायचा परवाना असलेल्या केंद्रातच करता येतं. तिथे रुजू झाल्यावर पहिले काही आठवडे फक्त साध्या पीसीव्ही-प्लाझ्मावर हात बसवा.

सुरुवात शिबिरापासून होते. ३५० मिलीसाठी दात्याचं वजन किमान ४५ किलो आणि ४५० मिलीसाठी ५५ किलोंहून जास्त हवं, हिमोग्लोबिन किमान १२.५. पिशवी सलग धारेत, दहा मिनिटांच्या आत भरलेली असावी. सुई हलवून हलवून रडतखडत भरलेल्या पिशवीत बारीक गुठळ्या होतात. ती घटकांसाठी बाजूला काढा. भरताना पिशवी सतत हलती हवी, म्हणजे रक्त आणि सीपीडीए (रक्त गोठू न देणारं पिशवीतलं द्रावण) नीट मिसळतात.

कोकणात पुढची कसोटी लगेच लागते, रस्त्याची. शिबिर हर्णैला, नाट्याला नाहीतर विजयदुर्गाला असतं, केंद्र जिल्ह्याच्या गावी. मे महिन्यात गाडीच्या मागच्या भागात पिशव्या शिजतात, आणि त्या भीतीने कुणी त्या थेट बर्फावर ठेवतं. दोन्हीने नुकसान होतं. प्लेटलेट किंवा बफी कोट काढायचा असेल तर रक्त २० ते २४ अंशांत राहिलं पाहिजे. पेटीत थंड पॅक ठेवा, पण पॅक आणि पिशव्या यांच्यामध्ये जाड पुठ्ठा किंवा कापड घाला आणि एक थर्मामीटर आत ठेवा. घटक वेगळे करायला मिळणारे सहा ते आठ तास रक्त काढल्यापासून मोजायचे असतात, पिशवी केंद्रात पोचल्यापासून मोजत बसू नका. घाटात दरड पडली, हायवेला खोळंबा झाला तरी घड्याळ चालूच असतं. लांबच्या शिबिरातून पहिली पेटी अर्ध्या शिबिरातच रवाना करण्याची पद्धत मला सगळ्यात उपयोगी वाटते. सगळं आटपून एकदम निघालं की पहिल्या दात्याची पिशवी वायाच गेल्यात जमा असते.

केंद्रात आल्यावर पिशव्या खोलीच्या तापमानाला थोडा वेळ स्वस्थ टांगून ठेवा. मग वजन करा. बकेट, पिशवी, सॅटेलाइट पिशव्या (मूळ पिशवीला नळीने जोडलेल्या रिकाम्या पिशव्या) आणि भरीचे रबरी तुकडे असं सगळं धरून समोरासमोरच्या बकेटांचं वजन जुळलं पाहिजे. कमी पडलं तर रबरी तुकडे घाला. पिशवी बकेटमध्ये उभी, कुठेही दुमड न पडता बसवा. नळ्या आत खोचा, कारण लोंबणारी नळी फिरताना तुटते. वजन नीट जुळलं नसेल तर मशीन थरथरतं, थर ढवळले जातात आणि रोटरचं आयुष्य घटतं.

तापमान २२ अंशांवर ठेवा. फक्त पीसीव्ही आणि प्लाझ्मा काढायचा असेल तरच ४ अंश. जड फेरा लावा आणि ब्रेक बंद किंवा अगदी कमी ठेवा. हे नव्या मुलांना पटत नाही, कारण मशीन थांबायला वेळ लागतो आणि मागे पिशव्यांची रांग असते. पण जोराचा ब्रेक लागला की इतक्या मेहनतीने लागलेला थर शेवटच्या अर्ध्या मिनिटात हलतो.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. झाकण उघडा, दोन्ही हातांनी पिशवी सरळ वर उचला आणि कुठेही न टेकवता प्लाझ्मा एक्सप्रेसरपर्यंत (पिशवी दाबून वरचे थर बाहेर काढणाऱ्या साधनापर्यंत) न्या. या तीन-चार पावलांत बोलू नका, मान वळवू नका. हा थर तांबड्या पेशींवर नुसता टेकलेला असतो, पिशवी कलंडली की विस्कटतो. एक्सप्रेसर मशीनच्या शेजारीच हवा. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर पहिल्याच आठवड्यात साहेबांना सांगून टेबल हलवून घ्या.

एक्सप्रेसरमध्ये पिशवी बसवून नळीतला अडसर मोडा. आधी प्लाझ्मा हळूहळू सॅटेलाइट पिशवीत जाऊ द्या. पांढुरका थर वर सरकत येताना दिसेल. तो तोंडाशी यायच्या आधी क्लॅम्प लावून थांबा आणि दुसरी सॅटेलाइट पिशवी उघडा. मग बफी कोट आणि त्याखालचा तांबड्या पेशींचा पातळ पट्टा तिच्यात घ्या. वर-खाली दोन्ही बाजूंना नळ्या असलेल्या पिशव्या वापरत असाल तर प्लाझ्मा वरून आणि तांबड्या पेशी खालून निघतात आणि बफी कोट मूळ पिशवीतच राहतो. थर कमी हलतात म्हणून मला ती पद्धत जास्त आवडते. शेवटी नळ्या सील करा, प्रत्येक पिशवीवर नंबर तपासा, आणि मगच वेगळ्या करा. आधी वेगळ्या करून मग नंबर बघायची सवय एका दिवशी कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. फेरा चालू असताना वीज गेली तर झाकणाशी झटापट करू नका, रोटर आपोआप थांबू द्या. जनरेटर सुरू झाला म्हणून उरलेली दोन मिनिटं तशीच पुढे लावू नका. अर्धवट लागलेले थर आणि मोडलेला फेरा मिळून काय तयार होतं याचा भरवसा नसतो. पिशव्या काढून काय करायचं ते एसओपीत लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल तर जूनच्या आत लिहून घ्या. खारी दमट हवा रोटरच्या आणि बकेटच्या खिळांना गंज चढवते. रोज काम संपल्यावर आतलं पाणी पुसून झाकण उघडं ठेवा, खिळांना कंपनीने सांगितलेलं ग्रीस लावा. गंजाचा डाग किंवा केसाएवढी चीर दिसली तरी ती बकेट वापरू नका. पिशवी आत फुटली तर मशीन थांबल्यावर अर्धा तास झाकण न उघडता थांबा, हवेत उडालेले बारीक थेंब बसू द्या. हायपोक्लोराइटने पुसल्यावर लगेच साध्या पाण्याने पुसा, नाहीतर तेच धातू खातं.

एका पिशवीत किती मिळतात

हा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः करावा. एका मायक्रोलिटरमागे पांढऱ्या पेशींचा आकडा ७००० धरला तर ३५० मिली रक्तात साधारण २४५ कोटी पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या ६० टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे दीडशे कोटींच्या जवळपास. एकही वाया न घालवता.

ग्रॅन्युलोसाइटच्या एका पिशवीत किमान १००० कोटी पेशी हव्यात. ५० किलोच्या माणसाला किलोमागे ६० कोटी द्यायच्या तर रोज ३००० कोटी. म्हणजे काहीही वाया गेलं नाही तरी ३५० मिलीच्या २० पिशव्या, आणि वाया जातंच. ब्रिटनमध्ये १० दात्यांचे बफी कोट एकत्र करून एक पिशवी बनवतात आणि मोठ्या माणसाला अशा दोन पिशव्या देतात, त्यामागे हाच हिशेब आहे. तिथे एका केंद्रात रोज शेकड्यांनी पिशव्या येतात. आपल्या जिल्ह्यात एकाच रक्तगटाच्या २० ताज्या पिशव्या एका दिवसात, तेही सलग चार-पाच दिवस, मिळणं अवघड. लहान बाळाला थोड्या पेशी पुरतात, तिथे बफी कोट उपयोगी पडू शकतो. मोठ्या माणसासाठी मात्र अफेरेसिस हाच व्यवहार्य मार्ग.

मग बफी कोटचं काम शिकायचं कशाला? कारण त्याच पद्धतीने चांगल्या प्लेटलेट निघतात. पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोच्या दिवसांत त्या मागतच असतात. आणि थर हातात धरून पाहिलेल्या माणसालाच अफेरेसिस मशीनच्या पडद्यावर काय चाललं आहे ते कळतं.

अफेरेसिस

इथे दात्याचं रक्त एका नळीने मशीनमध्ये येतं, फिरत्या सेंट्रिफ्यूजमध्ये त्याचे थर लागतात, हवा तो थर बाजूला घेतला जातो आणि बाकीचं दात्याला परत जातं. हे सतत चालू राहतं. असं सतत चालणारं मशीन १९६०च्या दशकात अमेरिकेत तयार झालं. आयबीएम कंपनीतले अभियंते जॉर्ज जडसन यांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला होता. त्यांनी तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले डॉ. एमिल फ्राइराइक यांच्यासोबत हे काम हाती घेतलं. मशीनवर बसलेल्या प्रत्येक नव्या तंत्रज्ञाला मी ही हकिगत सांगते, कारण आपल्या काउंटरवर उभे असलेले बापही त्याच अवस्थेत आलेले असतात.

सुरुवात दाता निवडण्यापासून. रक्तगट पेशंटशी जुळणारा हवा. या पिशवीत तांबड्या पेशी बऱ्याच येतात, म्हणून क्रॉसमॅचही (दात्याच्या पेशी पेशंटच्या रक्ताशी जुळतात का याची तपासणी) लागतो. दोन्ही हातांच्या शिरा ठसठशीत हव्यात. मधुमेह, उच्च रक्तदाब, पोटातला अल्सर, काचबिंदू, मूत्रपिंडाचा आजार, सिकलसेलचा गुण यांची नीट चौकशी करा, कारण पुढे स्टेरॉइड, जी-सीएसएफ (न्यूट्रोफिल वाढवणारं औषध) आणि एचईएस द्यायचं असतं. सख्खा भाऊ किंवा बहीण पुढे अस्थिमज्जा देणार असेल तर त्यांना या कामाला घेऊ नका. त्यांच्या पेशी आधीच मिळाल्या तर पेशंटच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात.

साध्या दात्यात पुरेशा पेशी मिळत नाहीत, म्हणून प्रक्रियेच्या साधारण १२ तास आधी त्याला जी-सीएसएफचं इंजेक्शन आणि डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या जातात. त्यामुळे मज्जेतल्या न्यूट्रोफिल रक्तात येतात आणि आकडा कित्येक पटींनी वाढतो. हे डॉक्टरच ठरवतात आणि दात्याची लेखी संमती लागते. दात्याला मोकळेपणाने सांगा की कंबर आणि मोठी हाडं दुखतील, डोकं दुखू शकेल, रात्री झोप लागायला वेळ लागेल. ‘काही होत नाही हो’ असं सांगून आणलेला दाता पहाटे अंग दुखायला लागलं की घाबरतो आणि निघून जातो. नीट सांगितलेला दाता थांबतो.

प्रक्रियेला दोन ते चार तास लागतात, साधारण ७ ते १० लिटर रक्त मशीनमधून फिरतं. दात्याने आधी पोटभर जेवलेलं असावं, लघवीला जाऊन आलेला असावा. चालू असताना नजर दोन ठिकाणी ठेवा, थरांच्या सीमेवर आणि दात्याच्या चेहऱ्यावर. सीमा फार वर गेली तर नुसता प्लाझ्मा येतो, फार खाली गेली तर पिशवी गडद लाल होते. ग्रॅन्युलोसाइट तांबड्या पेशींना लागून असतात, म्हणून थोडा लालसरपणा हवाच. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या असं दाता म्हणाला तर ते सायट्रेटमुळे (रक्त गोठू नये म्हणून मशीनमध्ये मिसळतात त्या द्रावणामुळे) कॅल्शियम कमी झाल्याचं लक्षण आहे. वेग कमी करा, कॅल्शियमच्या गोळ्या द्या, डॉक्टरांना बोलवा. विचारल्याशिवाय बरेच जण सांगत नाहीत, बायका तर नाहीच. म्हणून दर दहा मिनिटांनी विचारा.

दाता मुंबईला पाठवताना

कोकणातले कर्करोगाचे बरेच पेशंट उपचारासाठी परळच्या टाटा मेमोरियलला किंवा मुंबईतल्या दुसऱ्या रुग्णालयांत असतात. रत्नागिरीहून रेल्वेने सहा-सात तास, सावंतवाडीहून त्याहून जास्त. त्यात तपासणी, पिशवीला किरण देणं (ते का, ते पुढे येईल), क्रॉसमॅच मिळवा. २४ तासांतला मोठा भाग प्रवासातच संपतो. वाटेत तापमान आणि हादरे सांभाळायचे ते वेगळंच. म्हणून दाता पेशंटच्या रुग्णालयात गेला पाहिजे.

त्याची तयारी अशी. एका आठवड्याला किमान चार-पाच दाते लागतील असं धरून चला, रोज वेगळा. यादी करताना गावातल्या लोकांपासून सुरुवात करू नका, गावाच्या मुंबई मंडळाला फोन करा. कोकणातल्या बहुतेक वाड्यांचं मुंबईत मंडळ असतं. त्यांच्याकडे लालबाग, परळपासून डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्यापर्यंत कोण राहतं याची नावनिशी तयार असते आणि गणपतीच्या वर्गणीमुळे सगळ्यांचे फोन नंबरही असतात. रक्तगट विचारून यादी करायला एक संध्याकाळ पुरते. मुंबईत राहणारा दाता आदल्या रात्री इंजेक्शन घेऊन घरी झोपू शकतो. हे गावाहून जाणाऱ्याला जमत नाही.

गावाहूनच कुणी जाणार असेल तर त्याला रात्रीच्या कोकणकन्येने पाठवून सकाळी थेट खुर्चीवर बसवायचा बेत करू नका. जागरण झालेलं असतं आणि मुख्य म्हणजे १२ तास आधीचं इंजेक्शन राहून गेलेलं असतं. तो आदल्या दिवशी दुपारपर्यंत रुग्णालयात पोचला पाहिजे. निघण्यापूर्वी आपल्या केंद्रात त्याचा रक्तगट, सीबीसी आणि शिरा बघून घ्या, म्हणजे हिमोग्लोबिन ११ आहे हे परळला पोचल्यावर कळायची वेळ येणार नाही. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या तपासण्या ज्या केंद्रात प्रक्रिया होणार तिथेच, प्रक्रियेच्या आधी व्हाव्या लागतात. एरवी आपण पिशवी आधी घेतो आणि रिपोर्ट नंतर. इथे रिपोर्टची वाट बघायला पिशवीकडे वेळ नसतो.

दात्यांच्या यादीसाठी एक चांगला काळ म्हणजे १ जून ते ३१ जुलै. यांत्रिक मासेमारी बंद असते, बंदरांवरचे तगडे तरुण घरी असतात आणि रात्रीच्या जागरणाचा थकवा नसतो. त्या दिवसांत शिबिराला आलेल्यांपैकी कुणाला अशा कामासाठी बोलावलं तर चालेल, हे फॉर्मवर विचारून ठेवा.

पिशवी तयार झाल्यावर

साधारण २०० ते ३०० मिलीची ही पिशवी २० ते २४ अंशांत ठेवायची, पण अ‍ॅजिटेटरवर ठेवायची नाही. प्लेटलेट सतत हलत्या लागतात, ग्रॅन्युलोसाइटना स्वस्थ पडू द्यायचं असतं. सवयीने हात अ‍ॅजिटेटरकडे जातो, म्हणून पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा. नमुना काढून पेशी मोजा आणि आकडा पिशवीसोबत पाठवा. २५ ग्रे किरण दिल्याशिवाय पिशवी वॉर्डात जाता कामा नये. आत लिम्फोसाइट असतात आणि प्रतिकारशक्ती गेलेल्या पेशंटच्या शरीरात त्या रुजून त्याच्याच पेशींवर हल्ला करू शकतात. दाता जवळचा नातेवाईक असेल तर हा धोका आणखी मोठा.

वॉर्डातल्या सिस्टरांशी स्वतः बोला. साधा १७० ते २६० मायक्रॉनचा गाळणीचा सेट चालतो. पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर लावला तर सगळी पिशवी त्या फिल्टरातच राहील. केमोच्या पेशंटला रोज तोच फिल्टर लावायची सवय असलेल्या वॉर्डात हे घडणं अगदी सोपं आहे, म्हणून फोनवर सांगून थांबू नका, जाऊन पिशवीसोबतचा सेट बघा. अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध चालू असेल तर ते आणि या पेशी यांच्यात काही तासांचं अंतर ठेवतात, कारण दोन्ही एकदम दिल्यावर फुफ्फुसांना त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. पिशवी एक-दोन तासांत हळू चढवतात. थंडी-ताप येणं नेहमीचं आहे, पण दम लागला किंवा ऑक्सिजन उतरला तर लगेच थांबवून डॉक्टरांना आणि रक्तपेढीला कळवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन फोन करा. एक वॉर्डात, रात्री ताप कसा होता, सकाळचा न्यूट्रोफिलचा आकडा किती आणि आजची पिशवी हवी आहे का हे विचारायला. तो आकडा फार वाढलेला दिसला नाही तरी गोंधळू नका, दिलेल्या पेशी रक्त सोडून संसर्गाच्या जागी जातात. दुसरा फोन कालच्या दात्याला. हाडं अजून दुखत असतील तर पॅरासिटामॉल घ्यायला सांगा, ताप किंवा डाव्या कुशीत वरच्या बाजूला कळ असेल तर डॉक्टरांकडे पाठवा, आणि आठवडाभराने सीबीसीसाठी यायची तारीख त्याच फोनवर ठरवून टाका. या प्रक्रियेत त्याच्या प्लेटलेट आणि हिमोग्लोबिनही थोडं खाली येतं, आणि ते पुन्हा जागेवर आलं की नाही हे बघणं आपल्या कामाचाच भाग आहे.